ताराबाई मोडक यांचे उदाहरण आणि आपले साधर्मिक खाते

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की मागे वळून पाहणे ओघाने येतेच. जिनालय कसे उभे राहिले, उपाश्रयासाठी जागा कशी मिळाली, पाठशाळा आणि आयंबिल खाते कोणाच्या पुढाकाराने सुरू झाले, हे सर्व माझ्यापेक्षा अधिकारी वक्त्यांनी आपणांस सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. कार्यकारिणीने मला ‘महिला सक्षमीकरण’ असा विषय दिला आहे. शब्द भारदस्त आहे आणि अलीकडे तो प्रत्येक फलकावर दिसतो. मी पडलो कापडाचा व्यापारी. गिऱ्हाईक ‘चांगले कापड दाखवा’ म्हणाले, तर आम्ही आधी विचारतो, कशासाठी हवे आहे आणि किती मीटर? तसाच हा विषयही मी माझ्या मापाने बेतून घेतला आहे. पतीचा आधार राहिलेला नाही आणि पदरी लहान मूल आहे, अशा भगिनीला एखादी विद्या शिकून, पुढे ती इतरांना शिकविण्याइतकी तयारी करून, स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे असेल, तर तिला नेमके काय लागते? एवढाच माझा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात सापडले. विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल २०१३ पासून सुरू आहे. वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर करीत आपण डहाणू रोडला उतरतो. तेथून बोर्डीच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता आहे आणि जवळच कोसबादची टेकडी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसई-विरार आणि डहाणू-कोसबाद एका जिल्ह्यात आले. तत्पूर्वी आपण सर्वच ठाणे जिल्ह्याचे होतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबे बोर्डीला सहलीसाठी जाऊन आली असतील. चिकूच्या वाड्या पाहिल्या असतील, समुद्रकिनारी फिरली असतील. परंतु आज देशातील प्रत्येक खेड्यात जी अंगणवाडी दिसते, तिचे मूळ या परिसरात आहे आणि ते रुजविणारी स्त्री एक एकटी माता होती, याची आठवण फार थोड्यांना असते. त्या म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाच्या सुधारक मंडळींपैकी होते. आई उमाबाई पूर्वी विधवा होत्या आणि सदाशिवरावांशी त्यांचा पुनर्विवाह झाला होता. त्या काळी असा विवाह करणाऱ्या घराकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना आपण करू शकतो. अशा घरात वाढलेली ही मुलगी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. त्या वेळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजता येत. पुढे अमरावतीच्या मोडक नावाच्या वकिलांशी विवाह झाला. सुशिक्षित पती, प्रतिष्ठित घर, कन्या प्रभा, असा बाहेरून पाहता भरलेला संसार होता. तो टिकला नाही. १९२१ साली ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या आणि लहानग्या प्रभेला घेऊन बाहेर पडल्या. रत्नाकर मतकरी यांनी त्यांच्या जीवनावर नाटक लिहिले, त्याचे नावच ‘घर तिघांचं हवं’ असे आहे.

येथे मला थोडे थांबावयाचे आहे. ताराबाई विधवा नव्हत्या. विधवेविषयी आपल्या समाजात कणव आहे. ती कधी कधी जाचक होते, तो भाग वेगळा. परंतु तिचे दुःख सर्वांना समजते आणि आपल्या मदतीच्या यादीत तिच्यासाठी जागा असते. जी पतीपासून वेगळी झाली, किंवा जिला पतीने टाकले, तिचे काय? तिच्याकडे पाहताना प्रथम प्रश्न येतो तो ‘चूक कोणाची?’ हा. माहेरी ती पाहुणी असते आणि सासरचे नाव काढण्याची सोय नसते. आपल्या साधर्मिक मदतीच्या अर्जावर ‘विधवा’ असा रकाना आहे. ‘परित्यक्ता’ असा रकाना मला त्यावर दिसला नाही. हा दोष कोणा एका व्यक्तीचा नाही. अर्ज ज्या काळी छापला, त्या काळी अशी भगिनी अर्ज करावयास येईल, असे कोणाला वाटलेच नसावे. आज ती आपल्या सोसायटीत, आपल्याच मजल्यावर राहते. चातुर्मासात व्याख्यानाला येते आणि मागच्या रांगेत बसून लवकर निघून जाते.

असो. ताराबाईंकडे भांडवल काय होते? दागिने नव्हते, दुकान नव्हते. पदवी मात्र होती. त्या बळावर त्यांना राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद मिळाले. हे महाविद्यालय शिक्षिका तयार करणारे होते. म्हणजे संसार मोडल्यानंतरची त्यांची पहिलीच मोठी नोकरी प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील होती. पगार चांगला, मान मोठा. मराठी बाईने काठियावाडात जाऊन गुजराती आत्मसात केली आणि पुढे त्या भाषेत सहजतेने लिहिलेही. आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज काठियावाडातून किंवा मारवाडातून इकडे आले आणि येथे मराठी शिकून व्यापारात स्थिरावले, त्यांना परक्या भाषेत पोट भरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु नोकरी मिळाली म्हणून प्रश्न संपला नाही. घरी लहान मूल होते. प्रभेला कसे वाढवावे, तिला काय आणि केव्हा शिकवावे, या विचारात असताना भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या कार्याकडे त्यांचे लक्ष गेले. गिजुभाई व्यवसायाने वकील होते. त्यांच्या बाबतीतही स्वतःच्या मुलाच्या जन्मानंतर बालशिक्षणाचा विचार सुरू झाला, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. १९२० साली त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलांना मारावयाचे नाही, धाक दाखवावयाचा नाही, गोष्टी, गाणी, खेळ आणि हातांनी करावयाची कामे यांतून शिकवावयाचे, असा तेथील परिपाठ होता. गुजरातने या मिशा असलेल्या गृहस्थांना प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई असे नाव दिले. १९२३ साली ताराबाईंनी राजकोटची मानाची नोकरी सोडली आणि त्या भावनगरला गेल्या.

व्यापारी म्हणून मी या निर्णयाचा पुष्कळ विचार केला आहे. पदरी मूल असलेली, पतीचा आधार नसलेली स्त्री चांगल्या पगाराची जागा सोडते, हे व्यवहाराच्या कोणत्याही वहीत बसत नाही. तिच्या हितचिंतकांनी तिला वेड्यात काढले असेल. मात्र भावनगरला तिला आई आणि शिक्षिका या दोन भूमिका दोन वेगळ्या जागी पार पाडाव्या लागणार नव्हत्या. ज्या विचाराने आपले मूल वाढवावयाचे, तोच विचार आता तिचा व्यवसाय होणार होता. राजकोटला हे जुळणे कठीण होते. माझ्या मते तिच्या पुढील ५० वर्षांच्या कार्याची गुरुकिल्ली येथे आहे.

गिजुभाई आणि ताराबाई या दोघांच्याही कार्यामागे इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांची प्रेरणा होती. त्यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत सुरू झाले. माँटेसरीबाई स्वतः अविवाहित माता होत्या. त्यांचा मुलगा मारिओ १८९८ साली जन्मला आणि लोकलज्जेपायी त्याला बरीच वर्षे दुसऱ्यांकडे वाढवावे लागले. जगातील लक्षावधी मुलांसाठी जिने पद्धती निर्माण केली, तिला स्वतःचे मूल जवळ ठेवता आले नाही. पुढे मात्र मायलेक एकत्र आले आणि १९३९ साली भारतात आले, तेव्हा मारिओ त्यांचे प्रमुख सहकारी होते. महायुद्धाच्या काळात दोघांनी आपल्या देशात राहून शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. युरोपातही एकट्या आईची वाट सोपी नव्हती, एवढ्यासाठी हा उल्लेख केला.

भावनगरला ताराबाई मुलांना शिकवून थांबल्या नाहीत. बालमंदिरे वाढवावयाची तर शिक्षक हवेत आणि असे शिक्षक बाजारात तयार मिळत नाहीत, हे गिजुभाईंनी आणि त्यांनी ओळखले. म्हणून शिक्षकांचे अध्यापन मंदिर निघाले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षण पत्रिका’ गुजरातीत निघत होती, तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली. भावनगर सोडून मुंबईस परतल्यानंतर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला आणि तेथेही शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे काम आरंभिले. एक शिक्षिका वर्षाला तीस-चाळीस मुलांना शिकवील. तीस शिक्षिका घडविल्या तर किती मुले होतात, याचा हिशेब आपल्या सभेतील पाठशाळेचा विद्यार्थीही करील. शिकविणाऱ्यांना शिकविणे हा ताराबाईंचा खरा व्यवसाय होता आणि त्यामुळेच एका एकट्या बाईचे काम एवढे पसरले.

आता बोर्डीकडे येऊ. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय ५३ होते. दादरचा शिशुविहार नावारूपाला आला होता. त्या वयात आपण पुरुष मंडळी दुकान मुलाच्या हाती देऊन गल्ल्यावर बसण्याचा विचार करू लागतो. या बाई मात्र शहरातील नीटनेटकी शाळा सोडून मच्छीमार, हरिजन आणि वारली मुलांमध्ये जाऊन बसल्या. त्याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. ताराबाईंच्या सोबत त्यांनी उरलेले सारे आयुष्य काढले आणि ताराबाईंनंतरही १९९२ पर्यंत ते काम नेटाने चालविले. त्यांनाही पद्मश्री मिळाली. त्यांचे ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी अवश्य मिळवून वाचावे.

बोर्डीत पहिली अडचण आली साहित्याची. माँटेसरीची लाकडी साधने महागडी. ती परवडणार कशी? मग शंख, शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, माती हेच साहित्य झाले. रंग ओळखावयाचे ते पानाफुलांवरून, मोजावयाचे ते शिंपल्यांनी. मी कापडाच्या धंद्यात ४० वर्षे काढली. उंची माल ठेवणारा दुकानदार खूप पाहिला. गिऱ्हाइकाच्या ऐपतीत बसणारा पण टिकाऊ माल शोधून आणणारा दुकानदार विरळा. ताराबाई त्या दुसऱ्या प्रकारातल्या होत्या.

दुसरी अडचण अधिक मोठी होती. शाळा काढली तरी मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीवर जात. मुलांना आंघोळ घालून, कपडे चढवून कोण पाठविणार? तेव्हा ताराबाईंनी आणि अनुताईंनी ठरविले, मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जावे. सेविका वस्तीत जात, मुलांना गोळा करीत, त्यांची स्वच्छता करीत आणि तेथेच कोणाच्या तरी अंगणात बालवाडी भरे. अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना येथून पुढे गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले आणि आज देशभर तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. ताराबाईंना ते पाहावयास मिळाले नाही. त्यांचे ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निधन झाले होते.

१९५७ साली केंद्र कोसबादच्या टेकडीवर नेण्यात आले. तेथील एक गोष्ट माझ्या आजच्या विषयाच्या मुळाशी जाते. वारली पाड्यांतील थोड्या मोठ्या मुली शाळेत येत नसत. कारण काय, तर त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई मजुरीला गेली की बाळ सांभाळणे हे मुलीचे काम. शाळेने कितीही बोलाविले तरी ती बाळ कोठे ठेवणार? बाळाला घेऊन वर्गात यावे तर वर्ग चालेना. यावर कोसबादला उपाय निघाला तो असा की, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने बाळ पाळणाघरात ठेवावे, मधल्या भावंडाला बालवाडीत बसवावे आणि आपण वर्गात जावे. याला विकासवाडी असे नाव दिले गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही तेथे चालविली गेली, म्हणजे गुरे चरतात तेथे शाळा. शिकणाऱ्याला ‘सवड काढून ये’ असे न सांगता त्याची अडचण शाळेने आपल्या अंगावर घेतली.

अमरावतीहून कडेवर मूल घेऊन बाहेर पडलेल्या बाईला कडेवर भावंड घेतलेली मुलगी लगेच समजली, यात मला नवल वाटत नाही.

कोणी म्हणेल, ही सुधारक मंडळींची उदाहरणे झाली, आपल्या समाजाचे काय? भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या कन्यांना लिपी आणि अंक शिकविले, ही आपली परंपरा लहानपणापासून आपण ऐकतो. अलीकडच्या काळातीलही उदाहरणे आहेत. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई तरुण वयात विधवा झाल्या. पदरी मुलगी होती. पित्याने तिला घरात कोपरा न देता शास्त्राभ्यासाला बसविले आणि पुढे त्याच मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम उभारला. तेथे शिकून निघालेल्या अनेक भगिनी गावोगावी शिक्षिका झाल्या. सोलापूरला पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेचा केवढा वृक्ष वाढविला, हे महाराष्ट्रातील जैन समाजास ठाऊक आहे. या दोन्ही कर्तृत्ववान स्त्रिया दिगंबर समाजातील आहेत. चांगले काम कोणी केले यापेक्षा ते आपणांस घेता येईल का, हे पाहावे.

मगनबाईंच्या बाबतीत पित्याने वाट मोकळी केली. ज्यांचा पिता शेठ माणिकचंद नाही त्यांच्यासाठी पित्याच्या जागी कोणी उभे राहावयाचे? माझे म्हणणे असे की श्रीसंघाने.

आता आपल्या हिशेबाकडे वळतो. साधर्मिक भक्तीचे खाते आपण मनापासून चालवितो. पर्युषणाच्या आधी धान्याचे संच जातात, साड्या जातात, वैद्यकीय मदत आणि शाळेची फी भरली जाते. यातील काहीही बंद करावे असे मी म्हणत नाही. वृद्ध आणि आजारी साधर्मिकांना याच मदतीची गरज आहे. परंतु ३० वर्षांच्या, दोन हात धडधाकट असलेल्या, बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या भगिनीला आपण दर वर्षी धान्याचा संच देतो, तेव्हा पुढच्या वर्षीही ती त्याच रांगेत येईल, हे आपणच ठरवून टाकतो. तिचे मूल त्या रांगेत तिच्या शेजारी उभे असते आणि ते सर्व पाहत असते.

यावर शिवणयंत्र वाटप हा उपाय अनेक संस्था करतात. समारंभ होतो, छायाचित्र वृत्तपत्रात येते. माझ्या धंद्याशी याचा संबंध असल्याने दोन शब्द सांगतो. साडीला फॉल लावणे आणि पिको करणे हे काम नगावर मिळते, मजुरी ठरलेली असते आणि ती दुकानदार ठरवितो. ब्लाऊज शिवता येणारीला त्याहून अधिक मिळते. ज्या बाईला माप घेऊन कापड बेतता येते, ती स्वतःचा दर स्वतः सांगते. आणि जी इतरांना बेतणे शिकवू शकते, ती घरातल्या घरात वर्ग चालविते, तिला लग्नसराईची वाट पाहावी लागत नाही. यंत्र चौघींकडेही तेच असते. त्यांच्यात फरक पडतो तो शिक्षणाने. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते म्हणून आपण यंत्र देतो. शिक्षणाला सहा महिने, वर्ष लागते आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

मग या भगिनी शिकावयास का जात नाहीत? मी काही जणींशी दुकानात बोललो, माझ्या पत्नीने घरी जाऊन विचारपूस केली. फी ही अडचण होतीच, पण पहिली नव्हती. बहुतेक चांगले वर्ग मुंबईत. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. जाण्यायेण्यात तीन तास, त्यात विरार लोकलची गर्दी आपण जाणतोच. एवढा वेळ मूल कोणापाशी ठेवावयाचे? पाळणाघराचे पैसे द्यावे तर फीइतकेच पैसे लागतात. शेजारणीपाशी रोज ठेवता येत नाही. आईवडील असले तरी ते थकलेले. शेवटी प्रश्न कोसबादच्या त्या मुलीचाच आला, बाळ कोठे ठेवावयाचे?

आपल्या ट्रस्टचे सभागृह लग्नसराई आणि सणवार सोडले तर सोमवार ते शुक्रवार दुपारी कुलूपबंद असते. उपाश्रयाचा प्रश्न येत नाही, ती जागा पूज्य साधू-साध्वींसाठी आहे आणि तशीच राहिली पाहिजे. सभागृहाची गोष्ट वेगळी आहे. माझा प्रस्ताव असा आहे की सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून या सभागृहात दुपारी १२ ते ५ या वेळेत एका बाजूस प्रशिक्षणाचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूस पाळणाघर चालवावे. प्रारंभी फक्त सहा भगिनी घ्याव्यात. पूर्वप्राथमिक शिक्षिकेचा अभ्यासक्रम, शिवण व बेतकाम, संगणकावरील हिशेब आणि जीएसटीचे काम, यांतील जिला जे झेपेल ते तिने घ्यावे. तिसऱ्या विषयासाठी आपल्याच समाजातील सनदी लेखापालांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी काम भागेल. पाळणाघर सांभाळणाऱ्या बाईंना रीतसर वेतन द्यावे, सेवाभावाच्या नावाखाली ते टाळू नये. आणि पहिल्या सहा जणींपैकी जी उत्तम तयार होईल, तिला दुसऱ्या वर्षी शिकविण्याचे काम मानधनावर द्यावे. शिक्षिका घडविण्याचे काम ताराबाईंनी भावनगर आणि दादर येथे केले, ते आपण एका खोलीपुरते करून पाहू.

पैशाविषयी शंका येतील, त्या रास्त आहेत. देवद्रव्यातील एक पैसाही या कामाला लागणार नाही. सात क्षेत्रांत श्राविका हे क्षेत्र सातवे आहे आणि साधर्मिक तसेच साधारण खात्यातील रक्कम त्यासाठी वापरता येते, असे मी जाणत्यांकडून समजून घेतले आहे. तरीही पूज्य महाराजसाहेबांचे मार्गदर्शन घेऊनच पुढे जावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये खर्च ट्रस्टच्या उद्दिष्टांत बसला पाहिजे. आपल्या घटनापत्रकात ‘साधर्मिकांची शैक्षणिक व आर्थिक उन्नती’ हे शब्द संस्थापकांनी घातलेले आहेत. ५० वर्षांपूर्वी त्यांना हे सुचले होते, ही गोष्ट मला घटनापत्रक वाचताना प्रथमच जाणवली आणि फार बरे वाटले.

ज्येष्ठ मंडळींपैकी काहींनी खाजगीत मला विचारले की, अशाने संसार मोडण्यास उत्तेजन मिळणार नाही का? मी नम्रपणे सांगतो, अंगणवाडीमुळे कोणाचा संसार मोडला असे ऐकिवात नाही आणि धान्याच्या संचामुळे कोणाचा जुळला असेही नाही. जे घडावयाचे ते आपल्या वर्गाच्या आधीच घडलेले असते. घटस्फोटात चूक कोणाची, हे न्यायालय पाहील. आपल्यापुढे येणारी स्त्री अर्जदार आहे, आरोपी नाही. तिच्या मुलाने तर कोणाचे काहीच केलेले नाही.

एक अट मात्र मी आग्रहाने मांडतो. या भगिनींची नावे फलकावर, अहवालात किंवा पुढील कोणत्याही स्मरणिकेत छापली जाऊ नयेत, त्यांचे छायाचित्र काढले जाऊ नये. आपल्याकडे गुप्तदानाची परंपरा आहे. दात्याने नाव लपवावे असे आपण म्हणतो, घेणाऱ्याचे नाव मात्र मोठ्या अक्षरात लावतो. दात्यांची नावे हवी तर छापा, त्यांना ते आवडते.

अर्जाचा नवा नमुना मी तयार केला आहे. त्यात ‘विधवा’ हा रकाना काढून ‘स्वतः कुटुंब चालविणारी श्राविका’ असा एकच रकाना ठेवला आहे. त्याखाली तीन प्रश्न आहेत : आपण काय शिकला आहात, काय शिकू इच्छिता आणि आपल्या मुलांची वये किती. वेगळे राहण्याचे कारण विचारलेले नाही. प्रस्तावाची आणि खर्चाच्या अंदाजपत्रकाची प्रत कार्यालयात ठेवली आहे. पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी सर्वांनी ती वाचावी, ज्या सूचना असतील त्या लेखी द्याव्यात. विरोध असेल तर तोही लेखी द्यावा, म्हणजे त्यावर सभेत नीट चर्चा होईल. भगिनींनी विशेषतः वाचावी. सभेत पुरुषच बोलतात आणि प्रश्न मात्र भगिनींचा असतो, हे या वेळी टळावे. युवक मंडळातील कोणी कोसबादला जाऊन तेथील काम प्रत्यक्ष पाहून येण्यास तयार असेल, तर सकाळच्या डहाणू लोकलने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येते. जाण्यायेण्याचा खर्च मी देईन.

मंजुरी मिळाली तर पाळण्यांच्या झोळ्या, दुपटी, चादरी आणि शिवणवर्गाला सरावासाठी लागणारे कापड आमच्या दुकानातून येईल. त्याचे बिल ट्रस्टकडे येणार नाही. सभागृहाच्या चावीची व्यवस्था तेवढी विश्वस्तांनी ठरवावी.